जरा मरून दाखवा

साडीच्या दुकानात पांढऱ्याशुभ्र गादीवर मांडी ठोकून आत्याने फर्मावलं, "जरा मरून दाखवा हो." समोरच्या माणसाने निमूटपणे सात-आठ साड्या उलगडल्या. "याहून गडद नाही?" "मरूनमध्ये एवढंच आहे, ताई." हसू फक्त मलाच आवरेना.

हा रंग आला फ्रेंच चेस्टनटवरून. त्या फळाला तिकडे 'मारों' म्हणतात. गंमत म्हणजे पॅरिसच्या दुकानात आत्याने हाच शब्द वापरला असता, तर तिच्यापुढे चक्क तपकिरी माल पडला असता. लाली चढली ती इंग्रजीत. चीर न देता चेस्टनट भाजला की फटकन फुटतो, म्हणून मोठा बार काढणाऱ्या दारूकामालाही इंग्रजीत मरून म्हणतात. लंडनमध्ये हवाई हल्ल्याचा इशारा म्हणून उडवायचे तेच मरून 11 नोव्हेंबर 1918 ला सकाळी 11 वाजता उडाले, पहिलं महायुद्ध संपलं हे सांगायला.

आणि निर्जन बेटावर एखाद्याला सोडून जाणं, तेही मरूनच! पण हे घराणं वेगळं. स्पॅनिशमध्ये 'सिमारोन' म्हणजे कळप सोडून रानात शिरलेलं, मोकाट जनावर. पुढे मळ्यांवरून पळून डोंगरात गेलेल्या गुलामांना हेच नाव पडलं. जमैकातल्या या मरूनांनी गनिमी काव्याने इंग्रजांना इतकं जेरीस आणलं की 1739 मध्ये इंग्रजांना तह करावा लागला. त्यांची पुढारी नॅनी आज जमैकाच्या 500 डॉलरच्या नोटेवर आहे. स्वतःच्या हिमतीने निसटलेल्यांचं हे नाव इंग्रजीने टाकून दिलेल्यांना चिकटवलं, हे मला काही पटलेलं नाही. (वेस्ट इंडीजची टोपीही मरूनच. पण ती आपली रंगाने, चेस्टनटच्या घराण्यातली.)

एव्हाना साड्यांचा ढीग छातीपर्यंत आला होता. पलीकडे आत्या, अलीकडे तिची पर्स सांभाळत मी, आणि दरवाजा पार लांब. इंग्रजी अर्थाने माझं मरून झालेलंच होतं. तासाभराने आत्या उठली. हातात मोरपंखी.

"अगं, मरूनचं काय झालं?"

"आहेत की घरी तीन. म्हटलं, नवीन काय आलंय ते बघावं."