चर्चमधली मैफल : परवानगीपासून भैरवीपर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या गावच्या जुन्या चर्चमध्ये मे महिन्यात शास्त्रीय संगीताची मैफल करायचं ठरलं, तेव्हा जो तो एकच विचारत होता, "परवानगी मिळेल काय?" मिळते. पण चर्च म्हणजे भाड्याचा हॉल नव्हे, हे मनाशी पक्कं हवं. आणखी कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात फादरांपासून केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या एकट्याच्या हातात नाही ओ हे. बिशप हाऊसला लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, कोण गाणार, काय गाणार, सगळं लिहा. आणि तिकीट लावायचं नाही बघा." चर्चमधल्या मैफलींबद्दल व्हॅटिकनने १९८७ साली नियम सांगितलेत, ते त्यांनी समजावले. प्रवेश सर्वांना खुला आणि मोफत. कलाकारांनी वेदीच्या भागात बसायचं नाही. पवित्र साक्रामेंत, म्हणजे वेदीजवळ जपून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद, शक्यतो दुसऱ्या सुरक्षित जागी सन्मानाने हलवायचा. आणि गाणं भक्तीचं, त्या वास्तूला साजेसं हवं. तिकीट नाही म्हटल्यावर बिदागीसाठी वर्गणी काढली. सुट्टीला आलेल्या पुण्या-गोव्याच्या मंडळींनी हात आखडला नाही.

खरा विचार करायला लावला तो 'काय गाणार' या रकान्याने. ठुमरी, नाट्यगीतं बाजूला राहिली. निर्गुणी, म्हणजे निराकार देवाची, भजनं घेतली. ती घराघरांत पोचवणारे कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, तेव्हा ती हवीतच. आणि फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातल्या ओव्या. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेला हा ग्रंथ, लिहिणारा इंग्रज जेझुईट, आणि मराठी अशी की वाचताना आपण परक्याचं काही वाचतोय असं वाटतच नाही. धारवाडच्या ज्या बाई गायला येणार होत्या, त्यांनी ओव्या हाताने उतरवून घेतल्या. अर्थासकट यादी गेली आणि होकार आला.

पोलीस ठाण्याचं काम त्यामानाने सोपं. कन्नड अर्ज शेजारच्या मास्तरांनी लिहून दिला. लाऊडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागतेच, आणि रात्री दहानंतर तो बंद. अंगणासाठी एक लहान बॉक्स, एवढीच परवानगी आम्ही मागितली.

मग आवाजाची तपासणी. हे कुणीही टाळू नये. भिंती जांभ्याच्या, पण आतून गुळगुळीत गिलावा, वर उंच छत, खाली फरशी. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की ती विरायला चांगलाच वेळ घेते. तबलजींनी मध्य लयीत तीनताल धरला, तर बोल एकमेकांत मिसळून नुसता गलका. तेच बाईंनी सा लावला, तर सूर भिंतींना टेकून परत येतोय असं वाटलं. जलद ताना, द्रुत बंदिश तिथल्या तिथे रद्द. गावातल्या बायकांनी घरच्या वाकळा आणल्या, त्या तबल्याच्या मागे दोरीवर टाकल्या. फरशीभर सतरंज्या. माणसं भरली की घुमणं आणखी कमी होतं, त्यामुळे रिकाम्या चर्चवरून शेवटचा निकाल देऊ नये.

आणि इथेच ओवीची गंमत कळली. ओवी साडेतीन चरणांची. तीन चरण यमकात जातात आणि चौथा आखूड पडतो. त्या मोकळ्या जागेत बाई थांबायच्या आणि चर्च मागचा सूर पुरा करायचं. तानपुऱ्याशिवाय दुसरी साथ लागलीच नाही. माझी पेटी मी त्या ओव्यांपुरती बंद ठेवली. पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात पेटी शिकलेल्या माणसाला ते जड गेलं, पण योग्य तेच होतं.

मे महिन्यात रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते, म्हणून मैफल त्यानंतर ठेवली. दुपारी चारला वळीव कोसळला. मंगळुरी कौलांवरचा तो आवाज ऐकून पोटात गोळा आला. तसाच रात्री आला असता तर काहीच ऐकू आलं नसतं. सहापर्यंत उघडलं, पण दमट हवेने डग्गा उतरला आणि तानपुरे लावण्यात बराच वेळ गेला. बैठक वेदीच्या पायऱ्यांखाली. फादरांनी ओव्यांची ओळख करून दिली. चपला बाहेर, बाकांवर दाटी, सतरंजीवर पोरं. मारुतीच्या देवळातलं भजनी मंडळ टाळ घरी ठेवून पुढे बसलं होतं. पूरिया धनाश्रीच्या आलापापासून भैरवीपर्यंत आतला माईक लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वाकळा परत करायला गेलो, तर एक आजी म्हणाल्या, "बाळा, त्या ओव्या लिहून दे की मला. कोकणीत नको, तश्शाच." आता रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेनंतर, पाच-सहा बायका आणि भजनी मंडळातले दोघं त्या शिकतायत. पुढच्या उन्हाळ्याचा अर्ज फेब्रुवारीतच द्यायचा आहे, आणि त्यात गाणाऱ्यांच्या नावांत यांचीही नावं जाणार आहेत.