उगारलेली तलवार

रंगीत तालमीला दोन दिवस उरले होते आणि 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश काही केल्या बसत नव्हता. मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, संहितेवर बोट ठेवायचं आणि सगळ्यांची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत राहायचं, हे माझं काम.

सख्ख्या भावाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या बापाच्या, कानात विष ओतून गादी आणि भावजय दोन्ही बळकावणारा राजा क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थनेला बसलाय. मागून हॅम्लेट येतो. राजा पाठमोरा, आसपास चिटपाखरू नाही, हातात तलवार. आणि तो मारत नाही.

आमचा हॅम्लेट इथे रोज विरघळायचा. डोळ्यांत पाणी, आवाज मऊ, जणू त्याला दया आली. दिसायचं छान, पण मला खटकायचं, कारण माझ्या बोटाखालच्या ओळींत दयेचा लवलेश नाही. प्रार्थना करताना मारला तर हा थेट स्वर्गात जाईल, हे हॅम्लेटचं दुखणं. बापाला तर पापं धुवायची सवडही मिळाली नव्हती! मग हा सूड कसला? १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या छापील संग्रहात, इथे असं मारणं म्हणजे सूड नव्हे, 'मजुरी आणि पगार', अशा अर्थाचे शब्द येतात. १६०४-०५च्या क्वार्टोत, म्हणजे या एकट्या नाटकाच्या आधीच्या लहान छापील प्रतीत, त्याच जागी 'हलकं आणि खुळं' असं आहे. आमच्या संहितेत मजुरी होती आणि मला तीच पटते. हॅम्लेटला राजाचा जीव पुरत नाही, त्याचा आत्माही नरकात हवा आहे. म्हणून तो दारूच्या नशेत, रागाच्या भरात किंवा जुगारात सापडेपर्यंत थांबायचं.

त्या दिवशी त्याने तलवार उगारली, पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबला. पुढची ओळ येईना. मी ओळ द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या मनगटाकडे लक्ष गेलं. ते बारीक थरथरत होतं, पण हात खाली येत नव्हता. मला दुसऱ्या अंकात एक नट ज्याची गोष्ट सांगतो तो ग्रीक योद्धा पिऱ्हस आठवला. तोही बापाचा सूड घ्यायला निघालेला, आणि ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम याच्या डोक्यावर त्याची तलवार हवेतच अडकते. तिथे ती शेवटी कोसळते.

मी ओळ दिली नाही. सात-आठ सेकंद गेले असतील. प्रॉम्प्टरला ते फार वाटतात. मग तो बोलला, आणि आवाज निराळाच होता. खालचा, थंड, हिशेब मांडणारा. दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभे राहिले.

तो आत गेल्यावर राजा उठतो आणि म्हणतो, शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे प्रार्थना पोचलीच नव्हती. हॅम्लेटला जे हवं होतं ते त्याच क्षणी मिळालं असतं! दोन ओळींत शेक्सपिअरने केवढा घात केलाय. इथून हॅम्लेट आईच्या दालनात जातो आणि पडद्यामागे कोण आहे न पाहता तलवार खुपसतो. राजाचा सल्लागार पोलोनियस मरतो, मग बापाच्या सुडासाठी त्याचा मुलगा लेअर्टीस पेटून उठतो. तो तर चर्चमध्येही गळा कापायला तयार आहे, आणि सुडाला सीमा नसावी असं त्याला सांगतो कोण? प्रार्थना करताना वाचलेला हाच क्लॉडियस. त्या म्यान झालेल्या तलवारीनंतर, क्लॉडियस धरून, आठ जीव जातात.

तालीम संपल्यावर राजाचं काम करणारे काका म्हणाले, "मी पाठमोरा होतो, तरी आज मानेवर काटा आला."

हॅम्लेट माझ्याकडे आला. "ताई, ओळ का नाही दिलीत?"

"विसरला होतास?"

"विसरलो होतो. मग आठवली, पण म्हणवेना. आधी वाटलं, घालावाच घाव. मग वाटलं, एवढ्याने माझं भागणार नाही."

मी पेन्सिल काढली आणि त्या ओळीच्या समासात लिहिलं : इथे प्रॉम्प्ट देऊ नये.