ब्रिकेटची कंबर, चुना आणि सिमेंट

बांधकामाच्या मालाची, म्हणजे चुना किंवा सिमेंट आणि वाळूच्या मिश्रणाची, दाबाखालची ताकद सगळेच मोजतात. तो ओढल्यावर कसा तुटतो, हे मला अधिक बोलके वाटते. म्हणून नाशिकच्या घरी इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखे ब्रिकेट, म्हणजे कंबरेत अरुंद असे मालाचे छोटे ठोकळे, पाडण्याचे काम चालू आहे. लंडनच्या सांडपाणी योजनेचे पोर्टलंड सिमेंट जॉन ग्रँट यांनी १८५९ पासून असेच ओढून तपासले होते. आता प्रमाणित चाचण्यांत दाबाला मान आहे, तरी घरगुती प्रयोगाला हीच पद्धत परवडते, कारण भार थोडा लागतो.

ब्रिकेटची कंबर २५.४ मिमी चौरस, म्हणजे सुमारे ६४५ चौ. मिमी. तेथे २ न्यूटन प्रति चौ. मिमी ताण आणायला साधारण १३० किलोचा भार हवा. एकास दहाच्या तरफेवर तेच काम बादलीतील १३ किलो वाळू करते. वाळू नरसाळ्यातून एकसारखी पडली पाहिजे, कारण भार झरझर वाढवला की माल उगाच ताकदवान दिसतो.

खरी डोकेदुखी पकडीची. चिमटा किंचित तिरका बसला की ओढ मध्यातून न जाता एका कडेला जाते, ब्रिकेट वाकते आणि आकडा घसरतो. कंबरेच्या कडांवर ताण मुळातच सरासरीहून जास्त असतो, त्यात ही भर. म्हणून दोन्ही चिमटे कड्यांवर मोकळे लटकवले असून टोकांना फिरते रूळ बसवले आहेत, आणि पकडीजवळ तुटलेला तुकडा हिशेबात धरत नाही.

एकास तीनच्या मालात (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) न धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरली की भुकटीमुळे पाणी जास्त लागते, आणि तुटलेल्या तोंडावर दाणे धुळीच्या थरासकट उपटून आलेले दिसतात. धुतलेल्या वाळूत दाण्यांना सिमेंट चिकटूनच राहते.

चुना-सुरखीच्या (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) तुटलेल्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे न मुरलेल्या चुन्यावर गुलाबी होणारे द्रावण, टाकले, तर कडेची अरुंद पट्टी रंगहीन राहिली आणि गाभा गडद गुलाबी झाला. म्हणजे चुना ज्याने घट्ट होतो तो हवेतील कार्बन डायऑक्साइड आत पोचलेलाच नाही. अशा चुन्याचा आकडा सिमेंटच्या २८ दिवसांच्या आकड्याशेजारी मांडण्यात अर्थ नाही.

पुढचा टप्पा ४०×४०×१६० मिमीच्या पट्ट्यांचा आहे. त्या १०० मिमी अंतरावर टेकवून मधोमध भार दिला की पकडीची कटकट संपते. वाकण्यातली ताकद मात्र सरळ ओढीहून जास्त येते, त्यामुळे दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत लिहीन. साचे अंबडमधील एका फॅब्रिकेटरकडे करायला टाकले आहेत.