भिंतीच्या आत काय आहे, ते आधी विचारा

कॅनडात घर बघायला गेलं की एजंट स्वयंपाकघर, गॅरेज, बेसमेंट सगळं हौसेने दाखवतात. भिंतीच्या आत काय भरलंय हे मात्र आपणच विचारावं लागतं. आम्ही सस्कॅचवानमध्ये रिजायनाला राहतो. या सपाट माळरानावर कडक थंडीत पारा उणे ३०पर्यंत उतरतो. घरात २१ अंश ठेवायचे म्हणजे आतबाहेर ५० अंशांचा फरक. त्यामुळे इन्सुलेशनच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थरांच्या, भाषेतले चार शब्द इथे येणाऱ्या प्रत्येकाला नीट कळायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी कानावर पडते ती आर-व्हॅल्यू. उष्णतेची वाट एखादा थर किती अडवतो, त्याचं हे माप. आकडा मोठा तितकं चांगलं. भिंतीत भरायच्या साडेपाच इंच जाडीच्या फायबरग्लासवर (काचेच्या तंतूंची कापसासारखी गादी) साधारण आर-२० छापलेलं असतं, छपराखालच्या माळ्यावर आता आर-५०, आर-६०पर्यंत भरतात. खिडक्यांच्या बाबतीत यू-व्हॅल्यू जास्त ऐकू येते. ती याच्या नेमकी उलट, म्हणजे कमी तितकी बरी. आरला ५.६७८ने भागलं की मेट्रिक आकडा मिळतो, त्याला आरएसआय म्हणतात. एक भागिले आरएसआय म्हणजे यू.

हे गणित एकदा हाताने करून बघा. १०० चौरस मीटरचं छत, आतबाहेर ५० अंशांचा फरक. आर-१० असेल तर छतातून साधारण २,८०० वॅट उष्णता निघून जाते. आर-२० केलं की १,४००. आर-५०चं आर-६० केलं तर मात्र जेमतेम १०० वॅट वाचतात. म्हणजे पहिल्या काही इंचांची कमाई सर्वात मोठी. कंत्राटदार आणखी दहा आर चढवायचे पैसे मागतो तेव्हा घरात आधी किती आहे, यावर तो खर्च वाजवी की नाही हे ठरतं.

दुसरी गोष्ट, पुडक्यावरचा आकडा हा भिंतीचा आकडा नव्हे. इथल्या भिंती लाकडी सांगाड्याच्या, दर १६ इंचांवर एक उभी फळी. साडेपाच इंच लाकडाची आर जेमतेम ७, त्यामुळे प्रत्येक फळीतून उष्णता पळते. याला थर्मल ब्रिज म्हणतात. पुडक्यावरची ती नॉमिनल आर, आणि फळ्या धरून पूर्ण भिंतीची येते ती इफेक्टिव्ह आर. आर-२० भरलेली भिंत प्रत्यक्षात १६-१७च्या आसपास भरते. कोटेशन हातात आलं की यातला कुठला आकडा लिहिलाय, एवढं जरूर विचारा.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हवेच्या गळतीकडे. फायबरग्लासमधून हवा आरपार जाते. ते हवा अडवत नाही. घर किती गळतंय हे मोजायला ब्लोअर डोअर चाचणी असते. समोरच्या दाराच्या चौकटीत कापडाचा पडदा घट्ट बसवतात, त्यात मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आतबाहेर ५० पास्कलचा दाबफरक तयार होतो आणि घरातली सगळी हवा तासात किती वेळा बदलते, ते मोजतात. हा आकडा म्हणजे एसीएच. जर्मनीतलं पॅसिव्ह हाऊसचं, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराचं, मानक ०.६चं आहे, जुनी घरं त्याच्या कित्येक पट वर जातात. आमच्याकडे ही चाचणी झाली तेव्हा पंखा सुरू असताना तपासनिसाने मला पलंगामागच्या प्लगपॉइंटसमोर हात धरायला लावला. त्या दोन बारीक फटींतून बोटांवर बर्फासारखा गार झोत येत होता. माळ्याच्या झाकणाच्या चारी कडांनाही तेच, आणि बेसमेंटची भिंत जिथे वरच्या मजल्याच्या तुळयांना मिळते तिथे तर कोळिष्टकं हलत होती.

गळती नुसती उष्णता नेत नाही, बाष्पही नेते. कुकरच्या शिट्ट्या, अंघोळी, ओले कपडे, सगळ्यांची वाफ त्या हवेत असते. ती फटींतून माळ्यावर गेली की दवबिंदूच्या (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं त्याच्या) खाली थंड होते आणि छपरातून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं हिंव धरतं. मार्चमध्ये ऊन तापलं की ते वितळून छतावर डाग पडतात आणि लोक वरचं छप्पर गळतंय समजून कौलवाल्याला बोलावतात. म्हणून थंड प्रदेशात भिंतीच्या उबदार बाजूला, जिप्सम बोर्डच्या लगेच मागे, ६ मिल जाडीचं प्लास्टिक लावतात (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तोच वेपर बॅरियर, बाष्प अडवणारा थर. कामाचा क्रमही यावरूनच ठरतो: आधी फटी बुजवायच्या, मग माळ्यावर सेल्युलोज, म्हणजे कागदाचा भुसा, पसरायचं. आधी पसरलं तर फटी खाली गाडल्या जातात. माळ्यावर आधीपासून अभ्रकासारखे चकाकणारे करडे-सोनेरी खडे असतील तर त्यांना हातही लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून १९९०पर्यंत आलेल्या मालात अ‍ॅसबेस्टॉस निघालेलं आहे. आधी प्रयोगशाळेत तपासणी, मग बाकी सगळं.

घर घट्ट केलं की ताज्या हवेची सोय करावीच लागते. बाहेर जाणाऱ्या उबदार हवेची उष्णता आत येणाऱ्या थंड हवेला देणारं यंत्र, एचआरव्ही, त्यासाठीच. मला अभिमान वाटतो की या विचाराची एक मोठी सुरुवात याच गावात झाली. १९७७ साली रिजायनात सस्कॅचवान कन्झर्व्हेशन हाऊस उभं राहिलं: छतात आर-६०, भिंतींत आर-४०च्या आसपास, घट्ट बांधणी, हवेतली उष्णता परत मिळवणारं यंत्र, आणि घर तापवायची नेहमीची भट्टी नाहीच. हॅरॉल्ड ऑर हे अभियंते त्या कामात पुढे होते. जर्मनीत डार्मश्टाटचं पहिलं पॅसिव्ह हाऊस त्यानंतर दशकभराहून जास्त काळाने झालं.

नागपूरहून बहीण विचारते, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला यातलं काय लागू पडतं? बरंच. भारतात २०१८च्या इको-निवास संहितेत छपराची यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त १.२ अशी मर्यादा दिलेली आहे, म्हणजे इथल्या हिशेबाने आर-५च्याही किंचित खाली. उघडा काँक्रीट स्लॅब त्याच्या जवळपासही पोचत नाही. इन्सुलेशन स्लॅबच्या वर, वॉटरप्रूफिंगच्या कामासोबत करा, म्हणजे मुळात स्लॅबच तापणार नाही. खालून फॉल्स सीलिंगमध्ये भरलं तर तापलेला स्लॅब रात्रभर तुमच्या डोक्यावरच राहतो. आणि कोकणात किंवा मुंबईत एसी लावणाऱ्यांनी कॅनडातलं बघून आतल्या बाजूला प्लास्टिक लावू नये. तिकडे बाष्प बाहेरून आत येतं, आतली बाजू थंड असते, आणि पाणी त्या प्लास्टिकच्या मागे साठतं. बिल्डरला छपराची यू-व्हॅल्यू आकड्यात लिहून मागा.