पितृपक्षात शोरूम फिरलो, दसऱ्याला गाडी आणली

माझी उंची पाच फूट चार इंच, वय बेचाळीस, आणि अकरा वर्षं जुन्या १२५ सीसीवर चिंचवडहून साताऱ्याला जाऊन आलो की दुसऱ्या दिवशी कंबर सिक लीव्ह मागते. म्हणून क्रूझर, म्हणजे खाली बसून पाय पुढं ठेवून चालवायची बाईक, घ्यायची ठरवली, बाकी हौस वगैरे होतीच, ती काय लपवायची.

२०२५ च्या गणपतीत बघायला सुरुवात केली आणि तेवढ्यात जीएसटीचं जाहीर झालं. ३५० सीसीपर्यंत २८ वरून १८ टक्के आणि त्याच्या वर थेट ४०, तेही २२ सप्टेंबरपासून, म्हणजे बरोबर घटस्थापनेला. झालं, रॉयल एनफील्डच्या सुपर मीटिओर ६५० चं स्वप्न तिथंच संपलं, तशीही ती २४१ किलोची, पार्किंगमधून मागं ढकलताना मीच आडवा झालो असतो. हार्ले एक्स ४४० पण लिस्टमधून गेली. मधे पितृपक्ष, शोरूममध्ये चिटपाखरू नाही. पितृपक्षात नवी गाडी कोण घेतंय, पण बघायला कुणी अडवलंय? सेल्सवाले इतके रिकामे की चहा पाजून माहिती देत होते. तो पंधरवडा माझ्या फार कामाला आला.

आधी अॅव्हेंजर २२० बघितली, आकुर्डीच्या बजाजची म्हणजे आमच्या घराशेजारचीच. सीट ७३७ मिमी, वजन १६३ किलो, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात, ट्रॅफिकमध्ये सायकलसारखी वळते. किंमत पण सगळ्यात कमी. पण गाडी दिसायला अजून तिथंच आहे जिथं मी कॉलेजला असताना होती. मग होंडाची हायनेस, इंजिन लोण्यासारखं, आवाज तर विचारूच नका, पण सीट ८०० मिमी आणि बसायची पद्धत साध्या बाईकसारखी, सिग्नलला मी चवड्यांवर. राहिली रॉयल एनफील्डचीच मीटिओर ३५०. १९१ किलो, पण सीट ७६५ आणि वजन खाली असल्यामुळे ते चालवताना जाणवत नाही, फक्त गाडी हाताने हलवताना जाणवतं. एक गोष्ट रिव्ह्यूवाले घाईत सांगून मोकळे होतात, ती म्हणजे पाय पुढं असल्यामुळे खड्डा आला की बूड उचलून उभं राहता येत नाही, धक्का सरळ माकडहाडाला. आपल्याकडचे बिनरंगाचे स्पीडब्रेकर तर रात्री दिसतच नाहीत. म्हणून टेस्ट राइड गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका, मुद्दाम खराब गल्लीत घाला.

गाडी ठरली, पण खरा खेळ पुढंच होता. पहिल्या शोरूमचं नाव घेत नाही. तिथं टेस्ट राइडला त्यांचा माणूस मागं बसणार आणि बिल्डिंगला दोन चकरा, बास. कोटेशन मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेनाने एकच आकडा लिहून दिला, ऑन रोड. फोड करून मागितल्यावर चेहरा पडला. इन्शुरन्स फुगवलेला, हॅंडलिंग चार्जेस म्हणून साडेतीन हजार, न मागता अॅक्सेसरी किट, आणि वर "सर इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागतो". तसा काही नियम नाही, पॉलिसी आपण कुठल्याही कंपनीची घेऊ शकतो. त्यात १५ सप्टेंबरला नवीन मीटिओर आली, एलईडी हेडलाइट आणि स्लिपर क्लचवाली (गिअर खाली टाकताना झटका कमी बसतो), आणि हे साहेब मला आधीच्या स्टॉकमधली गाडी "कलर लगेच अव्हेलेबल आहे" म्हणून गळ्यात मारत होते. बनल्याचा महिना विचारला तर "बघून सांगतो सर". अजून बघतोयच.

दुसऱ्या शोरूमला बायकोला घेऊन गेलो. तिथल्या मुलीने स्वतःच सांगितलं, मॅडमना मागं बसवून चालवा, निवांत या. बायको पंधरा मिनिटं बसली आणि उतरल्यावर एवढंच म्हणाली, "मागं टेकायला असेल तरच घे." म्हणजे मीटिओरचं फायरबॉल मॉडेल कट, बॅकरेस्टवालं स्टेलर फायनल. कोटेशन छापील, प्रत्येक ओळ वेगळी. इन्शुरन्सचा बाहेरचा कोट मोबाईलवर दाखवला तर पाच मिनिटांत त्यांनी तेवढाच करून दिला. दोन शोरूममध्ये फरक निघाला नऊ हजार आठशेचा, तीच गाडी, तोच एक्स-शोरूम भाव! दसऱ्याला डिलिव्हरी पाहिजे तर आरटीओचा नंबर आधी पडायला हवा म्हणून पैसे आठ दिवस आधी भरले. पूजेआधी उजेडात गाडीभोवती दोनदा फिरलो, चासी नंबर कागदाशी जुळवला, किलोमीटर ४. टाकीखाली एक बारीक ओरखडा सापडला, तो त्यांनी डिलिव्हरी नोटवर लिहून दिला आणि पहिल्या सर्व्हिसिंगला पॅनल बदललं.

दिवाळीत खंबाटकी चढून गावी गेलो, बायको मागं टेकून चक्क झोपली. कंबर ठीक, माकडहाड थोडं नाराज. दारात गाडी लावली तर आई आधी गाडीकडं आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "एवढे पैसे घालून गाडी घेतलीस आणि पाय पसरून काय बसतोस रे, मोठ्या माणसांसमोर?"