वाफेच्या नळीवर वाळलेलं दूध

सकाळच्या कॉफीसाठी नवं कॅफे शोधायचं म्हटलं की हात आधी फोनकडे जातो. जाऊ दे. फक्त तारे मोजत बसू नये. पाच तारे देणारा ‘मस्त जागा, छान माणसं’ लिहून मोकळा होतो आणि एक तारा देणाऱ्याचं भांडण बहुधा पार्किंगशी असतं. कामाचा मजकूर तीन ताऱ्यांत सापडतो. ‘कॉफी चांगली होती, पण अंडी येईपर्यंत संपली’ असं तिथं कुणी लिहिलेलं असतं, आणि त्या एका ओळीत त्या कॅफेची अर्धी कुंडली असते. फोटो बघायचे तर मालकाचे सोडून गिऱ्हाइकांचे बघावेत, तेही एकाच पदार्थाचे, वेगवेगळ्या दिवशी काढलेले. एका फोटोत बलक वाहता, दुसऱ्यात खडूसारखा कोरडा दिसला, तर आत रोज नवा प्रयोग चालू आहे असं समजावं.

पहिली खेप कामाच्या दिवशी आणि दार उघडल्यावर तासाभरानं करावी. अगदी उघडल्या उघडल्या गेलं, तर कॉफीच्या बिया दळणारा ग्राइंडर अजून जमत असतो. बिया कालच्याच असल्या तरी हवेतला दमटपणा बदलतो, यंत्र पुरतं तापलेलं नसतं, म्हणून पहिले दोन-तीन शॉट (यंत्रातून दाबानं काढलेल्या दाट कॉफीचे, म्हणजे एस्प्रेसोचे, छोटे घोट) चाखून दळण जाड-बारीक करावं लागतं. ते शॉट मोरीत गेले पाहिजेत. काही ठिकाणी ते पहिल्या गिऱ्हाइकाच्या पोटात जातात.

आत शिरल्यावर भिंतीवरच्या झाडांकडे आणि लोंबत्या दिव्यांकडे नंतर बघता येईल. आधी बघायची ती यंत्राची दूध तापवायची वाफेची नळी. वाफ बंद केली की नळीत उरलेली वाफ निवून तिचं पाणी होतं, पोकळी पडते आणि थोडंसं दूध आत ओढलं जातं. म्हणून दूध तापवून झाल्याबरोबर ओल्या फडक्यानं नळी पुसायची आणि क्षणभर वाफ सोडून आतलं दूध बाहेर काढायचं. दोन सेकंदांचं काम. ते चुकवलं की नळीवर दुधाचा पिवळट, पुढे तपकिरी थर चढतो आणि पुढच्या प्रत्येक भांड्यातल्या दुधात तो थोडा थोडा उतरत राहतो. नळी अशी पापुद्रे धरलेली दिसली, तर न दिसणाऱ्या भागांची अवस्था वेगळी विचारायला नको. फडकंही बघावं. नळीचं आणि ओटा पुसायचं एकच असेल, तर चहा मागवलेला बरा.

मग कान द्यावा. दूध नीट फेसळलं जाताना सुरुवातीला दोन-तीन सेकंद कागद फाडल्यासारखा बारीक आवाज येतो, कारण नळीचं टोक पृष्ठभागाशी असतं आणि हवा आत जात असते. नंतर टोक जरा खाली जातं, दूध भोवऱ्यासारखं फिरतं आणि आवाज जवळजवळ मिटतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत किंचाळी ऐकू आली, तर हवा गेलेलीच नाही, दूध नुसतं तापतंय. साधारण ६० ते ६५ अंशांवर थांबलं तर दूध गोड लागतं. ७० च्या पुढे उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि तो कॉफीवर बसतो. उरलेल्या दुधात नवं ओतून तेच पुन्हा तापवणं ही तर चक्क काटकसर. एकदा तापलेल्या दुधातली प्रथिनं बदललेली असतात, दुसऱ्यांदा बारीक फेस धरत नाही, मोठे बुडबुडे येतात. (कपातल्या फेसावर काढलेलं पान किंवा हृदय दूध बरं जमल्याची खूण आहे. त्याखालची कॉफी कशी आहे, हे ते सांगत नाही.)

दुसरा आवाज ग्राइंडरचा. प्रत्येक ऑर्डरला तो वाजायला हवा. दळलेल्या कॉफीचा वास मिनिटांत उडतो, त्यामुळे सकाळी दळून ठेवलेली पूड दुपारी फार तर रंगापुरती उरते. बियांच्या पारदर्शक भांड्याच्या कडांना तेलाचा पिवळा थर असेल, तर ते भांडं बरेच दिवस धुतलेलं नाही आणि तो खवट वास कपात येणारच. पाकीट शेल्फवर असेल तर भाजल्याची तारीख शोधावी. एस्प्रेसोसाठी भाजल्यापासून आठवडा ते महिना हा बरा काळ. पाकिटावर नुसती ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असेल, तर त्यातून काही कळत नाही.

कपाखाली छोटा तराजू दिसला तर आणखी उत्तम. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, २५ ते ३० सेकंद, हा आजचा रुळलेला हिशेब. पंधरा सेकंदांत धो-धो आली तर पातळ आणि आंबट, पाऊण मिनिट थेंब-थेंब करत राहिली तर कडू आणि जीभ ओढणारी. बिघडलेला शॉट निमूटपणे मोरीत ओतून देणारा बॅरिस्टा, म्हणजे यंत्रावर कॉफी करणारा, दिसला की खुर्ची ओढून बसावं.

पहिल्या दिवशी मागवायचं ते साधं. नुसती एस्प्रेसो, किंवा दूध हवंच असेल तर सगळ्यात लहान कप. मोठ्या ग्लासात, सिरप घालून, कुठलीही चूक झाकता येते. गाळून थर्मासमध्ये भरलेली काळी कॉफी असेल तर कधी केली ते विचारायला लाजू नये, आणि भांडं गरम तव्यावर ठेवलेलं असेल तर विचारायचीही गरज नाही.

न्याहारीचा मेन्यू जितका लांब, तितका फ्रीझर मोठा. दोन शेगड्यांवर चाळीस पदार्थ होत नसतात. पोच्ड अंडं (फोडून गरम पाण्यात शिजवलेलं) आणि टोस्ट मागवावं, त्यात लपायला जागा नाही. ताज्या अंड्याचं पांढरं बलकाला घट्ट धरून राहतं, शिळ्याचं पाण्यात धाग्याधाग्यांनी पसरतं. पाणी खळाखळा उकळत असेल तरीही तेच होतं. अंडं बाहेर काढून क्षणभर निथळलं नाही, तर टोस्ट खालून भिजतो आणि सुरी लावल्यावर फाटतो. आणि लोणी थेट फ्रीजमधून आलं असेल, तर पाव कितीही चांगला असो, त्याला भोक पडणारच. हे सुधारायला काही खर्च येत नाही, तरी फार थोड्या ठिकाणी सुधारतात.

खरी गंमत पुढेच आहे. कॉफी दोन-तीन मिनिटांत होते, अंडी-टोस्टला आठ-दहा लागतात. काउंटर आणि स्वयंपाकघर दोघांनी एकदमच काम सुरू केलं, तर कॉफी टेबलावर येऊन वाट बघत बसते, फेस वर घट्ट होतो आणि खालचं दूध वेगळं होतं. म्हणून ‘कॉफी आधी आणू की सोबत?’ हा प्रश्न जिथं आपणहून विचारतात, तिथं आत कुणीतरी हा हिशेब केलेला असतो. नाही विचारलं तर आपणच सांगावं, आणि ते ऐकलं जातं का हे बघावं.

सगळं जमलं, तर दुसरी खेप सुट्टीच्या दिवशी साडेदहाला, दारात रांग असताना करावी. तेव्हा काउंटरजवळची जागा धरावी आणि नळी तेव्हाही पुसली जाते का, एवढंच बघावं.