पाटणादेवीला गेलो होतो

आज आजीला घेऊन पाटणादेवीला जाऊन आलो. चाळीसगावपासून जेमतेम १८ किलोमीटर. दर्शन झालं आणि आजी दगडी खांबांवरून हात फिरवत म्हणाली, "कितलं जुनं शे हाई!"

तिला इथल्या शिलालेखाबद्दल सांगितलं. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, आणि बाजारातल्या करातला राजाचा वाटा त्या मठाला दिला गेला. लेखातला हा देणगीचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे! आठशे वर्षांपूर्वी आपल्या खान्देशातले व्यापारी गणिताच्या शाळेला हातभार लावत होते. मला तर भरूनच आलं.

आणि देऊळ तरी अलीकडचं म्हणायचं. इथल्याच पाटणे गावाच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला एक तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. हो, आपल्याकडे तेव्हा शहामृग होते.

आजी बराच वेळ गप्प होती. मग तिने गळ्यातली पोत चाचपली नि विचारलं, "त्या बाया पण मणी ओवायच्या का रे?"

परतताना सगळा रस्ता तेच डोक्यात होतं.